परातीएवढा माळ

“मागे वळून बघायचं नाही,” आई म्हणाली, “आणि नेम तर मुळीच धरायचा नाही. डोळे मिटायचे आणि डोक्यावरून मागे भिरकावायचं. जिथे पडेल ती तुमची जागा.”

माळाच्या मधोमध आम्ही सातवीतली पोरं गोल करून उभी होतो, तोंडं आत, पाठी बाहेर. प्रत्येकाच्या हातात एक चुंबळ होती. नाव आपलं चुंबळ. डोक्यावर घागर ठेवायला बायका घेतात तशीच वळलेली, पण परातीएवढी मोठी आणि मधे पोकळ. सोलापुरी चादरींचे काठ कापले की रंगीत पट्ट्या उरतात. त्या अंबादास यन्नमच्या वडिलांनी कारखान्यातून पोतंभर आणून दिल्या होत्या, आणि वेणी घालावी तशा वळून आम्ही वर्गातच चुंबळी केल्या होत्या.

“बाई, माझी रस्त्यावर पडली तर?” अंबादासनं विचारलं.

“तर रस्त्यात बसायचं.”

“ट्रक आला तर?”

“तर उठायचं. टाका!”

रंगीत वर्तुळं उडाली. मग एकच पळापळ. नसीमा बागवानची चुंबळ कुसळी गवताच्या ठोंबावर अडकली होती. अंबादासची पडली ती थेट मुंग्यांच्या घरावर. बिळाभोवती मुंग्यांनी धान्याच्या फोलपटांचं नीट गोल अंगण केलं होतं आणि चुंबळ त्याच्याभोवती मापानं बसवल्यासारखी बसली होती. माझी, लाल-काळी, पडली मुरमावर. नुसता मुरूम. बारीक तांबूस खडे, एक मोठा दगड, आणि बाकी काही नाही.

“मी परत टाकते,” मी म्हणाले.

“का?”

“इथे काहीच नाहीये.”

“पडलं ते पडलं,” आई म्हणाली, आणि पुढे गेली.

“पण आ—”

“बाई,” तिनं न वळता दुरुस्त केलं.

आई आमच्या शाळेत विज्ञान शिकवायची. शाळेत आणि माळावर मीही तिला बाईच म्हणायचं असा नियम होता, आणि त्या वयात मला त्याचा फार राग यायचा. दर गुरुवारी शाळा सुटली की ती आम्हाला माळावर आणायची. शेवटच्या यंत्रमाग कारखान्याची भिंत संपली की माळ सुरू व्हायचा. जागा संस्थेची होती. संस्थेचे अध्यक्ष सिद्रामअण्णा हत्तुरे. त्यांच्यामागे आई दोन वर्षं लागली होती, की या उजाड माळावर झाडं लावू या, मुलांच्याच हातून लावू या. शेवटी पावसाळ्यात रोपं द्यायचं अण्णांनी कबूल केलं, आणि आईनं जानेवारीतच आम्हाला कामाला लावलं. तिचं म्हणणं असं, की ज्याची ओळख नाही त्याच्या अंगणात खड्डा खणू नये. जिथे आपण झाड लावणार ती जागा आधी ओळखीची करून घ्यायची. दर गुरुवारी आपल्या जागेवर चुंबळ ठेवायची, शेजारी गप्प बसायचं, आणि सूर्य पाण्याच्या टाकीला टेकला की गोलात येऊन एकेकानं सांगायचं, आज काय दिसलं.

त्या रात्री जेवताना मी बाबांकडे दाद मागितली.

“बाबा, तिला सांगा ना. एकदा परत टाकू दे म्हणावं. बाकीच्यांना गवत, मुंग्या, आणि मला खडे.”

बाबा गिरणीच्या ऑफिसात होते. माणूस हळू बोलणारा, आणि बोलण्याआधी ताटातलं संपवणारा.

“अगं, तिची स्वतःची कुठं पडली बघ की,” ते म्हणाले. “दापोलीच्या नारळी-पोफळीतून निघाली आणि पडली ती थेट सोलापुरात. तिनं कुठं परत टाकली?”

आई हसली. “टाकणार होते. तुमच्या आईंनी टाकू दिली नाही.”

आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती. लग्न होऊन आई पहिल्यांदा सोलापुरात उतरली तेव्हा टांग्यातून दोन्ही बाजूंना बघत राहिली आणि घरात शिरता शिरता तिनं सासूला विचारलं, “इथली झाडं कुठे गेली?” आजी म्हणाली होती, “जायला आली कधी होती?”

तर, मी खड्यांशेजारी बसू लागले.

पहिल्या गुरुवारी गोलात माझी पाळी आली. नसीमानं कोळ्याचं जाळं सांगितलं होतं, अंबादासनं मुंगीनं ओढत नेलेली ज्वारीची कणी अगदी हातवारे करून सांगितली होती.

“रेवती, काय दिसलं?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे काय काय नाही?”

पोरं हसली. मला वाटलं, ती माझी थट्टा करतेय. पण ती वाट बघत होती, इतरांची बघायची तशीच.

“गवत नाही,” मी म्हणाले. “मुंग्या नाहीत. सावली नाही.”

“अजून?”

“आवाज नाही.”

“छान. पुढच्या वेळी अजून काय नाही ते बघून ये.”

हे असं चाललं. मी रागानं बघायची, पण बघायची. दुपारभर तापलेला तो मोठा दगड संध्याकाळी पश्चिमेकडून गरम आणि पूर्वेकडून गार असतो, हे मला कळलं. खडे एका रंगाचे नाहीत, हेही कळलं. तांबडे, राखी, हरभऱ्याच्या डाळीसारखे पिवळे, आणि काही नुसते ठिपक्याठिपक्यांचे. एप्रिलमध्ये नसीमाच्या गवताशेजारच्या दगडावर एक सरडा येऊन बसू लागला. दिसायला साधा मातकट, पण मान वर करून गळ्याखालचा निळा पंखा उघडायचा आणि मिटायचा. नसीमाच्या घरी चार धाकटी भावंडं होती, तिला घरात स्वतःचा कोनाडासुद्धा नव्हता. सरडा दिसला त्या दिवशी ती गोलात उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, माझ्याकडं एकजण राहायला आलाय.”

मे महिन्याची सुट्टी लागली तरी निम्मी पोरं माळावर यायची. आईसुद्धा यायची, डोक्यावर पदर आणि हातात पाण्याची कळशी घेऊन. उन्हानं तिचा चेहरा रापला होता. कळशी खाली ठेवून ती मोकळ्या माळाकडे बघायची आणि म्हणायची, “पाच वर्षांनी इथे सावलीत बसून डबे खाल, तेव्हा माझी आठवण काढा हो.” कुठे काय शोभेल हेही तिनं ठरवून टाकलं होतं. इथे गुलमोहर, तिथे शिरीष, टाकीच्या बाजूला रांगेनं कडुनिंब. हातानं ती हवेत झाडं काढायची.

जून गेला. दोन-चार सरी पडून गेल्या आणि माळावर हिरवी लव चढली. माझ्या मुरमावर तेवढी नाही.

जुलैतल्या एका गुरुवारी मी माझ्या जागेकडे निघाले, आणि अजून बरीच लांब असताना एक टिटवी किंचाळत माझ्या अंगावर आली. पिवळे लांब पाय, काळा गळा, डोळ्यांपुढे लाल कातडी. डोक्याला पंख लागेल इतकी खाली येऊन गेली, वळली, परत आली. मी वाकून माझ्या जागेपर्यंत गेले आणि खाली बसले. ती थोडी लांब जाऊन उतरली, पण ओरडायची थांबली नाही. मी बसल्या बसल्या माझे खडे बघू लागले. इतके महिने बघितलेले. तांबडे, राखी, पिवळे. आणि त्यांत चार असे, की जे मागच्या गुरुवारी नव्हते.

टोकं आत करून ठेवलेली चार अंडी. ठिपक्याठिपक्यांची. गवताची एक काडीसुद्धा खाली नाही. नुसता खोलगट केलेला मुरूम. हात पुढे केला असता तर लागली असती, पण दुसरीकडे बघून परत तिकडे बघितलं तर मलाच पुन्हा शोधावी लागत होती.

मी चुंबळ ठेवली नाही. तशीच उलट पावली मागे आले.

“बाई, ही टिटवी वाईट असती,” गोलात अंबादास म्हणाला. “आमची अव्वा म्हणती, ही ओरडली की घरातलं माणूस जातंय.” अव्वा म्हणजे त्याची आजी.

“तुझ्या घरात कुणी न विचारता पाय घातला, तर तुझी अव्वा काय करेल?”

“लई शिव्या दील.”

“मग ही तेच करतेय. रेवती, काय दिसलं?”

मी सांगितलं. आई उठली, माझ्यामागून आली, आणि मी दाखवलं तिथे गुडघ्यावर बसली. टिटवी आमच्या डोक्यावर घिरट्या घालत होती. आईला अंडी दिसायला बराच वेळ लागला.  तिनं अंड्यांकडे बघितलं, मग मान वर करून माळाकडे बघितलं, जिथे ती दर गुरुवारी हवेत झाडं काढायची तिकडे. मग पदरानं तोंड पुसून उठली.

“परवा शनिवारी माझा खड्डा कुठे खणायचा?” मी विचारलं.

“बघू,” ती म्हणाली.

घरी ती पोळ्या लाटत होती. “शनिवारी पेढे आणायचे का?” बाबांनी विचारलं, तर म्हणाली, “राहू दे, बघू.” दोन वर्षं ती ज्याची वाट बघत होती तो दिवस परवावर आला होता, आणि माझ्या मनात एकच गोष्ट होती, की कुदळ माझ्या जागेला लागता कामा नये. पण हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? झाडं तर तिचीच होती.

शनिवारी टेम्पो आला. हिरवीगार रोपं, काळ्या पिशव्यांत, दाटीनं उभी. मागोमाग अण्णांची गाडी. पांढरं धोतर, काळी टोपी, कपाळाला विभूती, नारळ फोडायला एक दगडसुद्धा बरोबर आणलेला. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा माणूस. शाळेतल्या किती पोरांच्या वह्या-पुस्तकांची सोय त्यांनी गुपचूप केली होती ते आईलाच ठाऊक. बरोबर पेपरचा फोटोग्राफर होता.

नारळ फुटला. आईनं आम्हाला सांगितलं, “आपापल्या जागेवर जा.” आम्ही गेलो. कुदळी, टिकाव, खोरी हातात. मी माझ्या जागेपासून दहा हात लांबच थांबले.

“हं, चला, खणा बघू!” अण्णा गरजले.

कुणी खणेना.

“का बे यन्नम, काय झालं?”

“अण्णा, माझ्यात मुंग्या हायत,” अंबादास म्हणाला.

“मग जरा बाजूला खण की.”

अंबादासनं बाजूला बघितलं. “बाजूला त्यांची वाट हाय. त्या तिकडनं दाणे आणतेत.”

“मग अजून तिकडं.”

“तिकडं नसीमाचं हाय.”

“काय हाय नसीमाचं?”

“माझा सरडा आहे,” नसीमा म्हणाली, आणि टिकाव खाली ठेवून दगडापुढे उभी राहिली. पलीकडे एकजण म्हणाला, की त्याच्या जागेत परवाच जमिनीलगत पिवळी फुलं आलीत, ती नेमकी आत्ताच उघडलीत. दुसरा म्हणाला, माझ्यात बीळ आहे, कुणाचं ते अजून कळलेलं नाही, कळल्याशिवाय कसं खणू? एकानं कुदळ उचलली होती, ती उचललेलीच राहिली.

अण्णांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

“अहो वैरागकरबाई, एवढा अख्खा माळ मोकळा पडलाय, आणि तुमच्या पोरांना एक खड्डा खणायला जागा सापडंना?”

मी आईकडे बघत होते. ती टेम्पोकडे बघत होती. वाऱ्यानं रोपांची कोवळी पानं हलत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी एरवी फक्त दापोलीहून एसटी सुटताना बघितलं होतं.

“अण्णा,” ती म्हणाली, “चुकलं. माझंच चुकलं.”

“काय चुकलं?”

“मला वाटलं होतं, माळ रिकामा आहे.”

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. अण्णांचा चेहरा उतरला, मग चढला.

“बाई, दोन वर्षं तुम्ही माझ्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. झाडं द्या, झाडं द्या. आज मी पेपरवाल्याला घेऊन आलोय. आता म्हणताय नको? मग ही गुरुवारची पोरं इथं आणून बसवायची कशाला, तेवढं सांगा. झाडं नाही लावायची तर वर्ग कशाचा? मी बंदच करतो ते.”

कुणी हललं नाही.  आईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “रेवती, अण्णांना तुझी जागा दाखव.”

“बाई, मी?”

“तूच.”

मी अण्णांच्या पुढे चालू लागले. टिटवी उठली. पहिल्याच झेपेत तिनं अण्णांची टोपी पाडली. पोरं फिस्सकन हसली आणि लगेच गप्प झाली. अण्णा टोपी उचलायला वाकले, सरळ झाले, आणखी एक पाऊल टाकणार तेवढ्यात मी त्यांचं धोतर धरलं.

“अण्णा, थांबा. पुढे पाय नको.”

“का? काय हाय इथं?” त्यांनी मुरमावर नजर फिरवली, एकदा इकडून, एकदा तिकडून. “काही नाही की.”

“काही नाही म्हणजे काय काय नाही?” मी विचारलं.

माझ्या तोंडून ते निघून गेलं. मागे आईनं दचकून श्वास घेतल्याचं मला ऐकू आलं. संस्थेच्या अध्यक्षांना असं विचारणारी मी बहुधा पहिलीच.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग, कशासाठी कुणास ठाऊक, धोतर सावरून ते खाली बसले. एवढा मोठा माणूस, हुश्श करत.

“गवत नाही,” ते म्हणाले.

“हं.”

“पाणी नाही.”

“अजून?”

“अजून काय, पोरी? दगड हाय, खडे हायत...” आणि ते थांबले. त्यांचं बोट हवेत तसंच राहिलं. बराच वेळ. मग फार हळू आवाजात, देवळात बोलावं तसं, ते म्हणाले, “आई गं. चार हायत.”

टिटवी ओरडतच होती. अण्णा बसल्या बसल्याच तिला म्हणाले, “जातो बाई, जातो. शिव्या नको देऊ.”

उठायला त्यांना आईचा हात घ्यावा लागला. उठल्यावर त्यांनी टेम्पोकडे बघितलं.

“ते ठीक हाय,” ते म्हणाले. “पण हा टेम्पोभर पाला आता माझ्या डोक्यावर लावू का?”

“आमच्या गल्लीत लावा की, अण्णा,” नसीमा म्हणाली. “आमच्याकडं सावलीच नाही. अम्मी दुपारी भिंतीला पाठ लावून बसती, भिंतीची सावली सरकंल तशी सरकती.”

“आमच्याकडं पण!” अंबादास ओरडला. “आमच्या नळापाशी!”

मग सगळीच ओरडू लागली. अण्णांनी आईकडे बघितलं. आई रडत होती की हसत होती, मला नीट कळलं नाही. पदर तोंडावर होता.

त्या संध्याकाळी पूर्वभागातल्या गल्ल्यांतून एक विचित्र मिरवणूक निघाली. पुढे टेम्पो, मागे पोरं, प्रत्येकाच्या काखेत एक रोप, आणि मधे अण्णा, “खड्डा मोठा घ्या बे, शेळी खाईल, काटे लावा!” असं ओरडत. यंत्रमागांची खटखट एकेका दारात थांबायची आणि माणसं बाहेर येऊन बघायची. त्या झाडांतली निम्मी शेळ्यांनी खाल्लीच. उरलेली आहेत. पेपरात मात्र दुसऱ्या दिवशी जो फोटो आला, त्यात संस्थेचे अध्यक्ष उकिडवे बसून मोकळ्या जमिनीकडे हात जोडल्यासारखे बघताहेत, एवढंच दिसत होतं. अण्णांनी तो ऑफिसात लावला होता.

घरी जाताना अंधारून आलं होतं. शाळा सुटली होती, माळ मागे राहिला होता, म्हणून मी विचारलं, “आई, तुला झाडं हवी होती ना?”

“फार हवी होती.”

“मग?”

ती थोडं चालली. “अगो, इतकी वर्षं मी इथे काय नाही तेच बघत आले,” ती म्हणाली. “तुला शिकवलं, पण माझं मी पुढे बघितलंच नव्हतं.”

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी माझ्या जागेत अंडी नव्हती. कवचाचा एक तुकडाही नव्हता.  आई माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “उठू नकोस. बस.” आम्ही बसलो. टिटवी लांबून ओरडत होती. खूप वेळानं एक खडा उठला आणि चालू लागला. मग दुसरा.

आई निवृत्त होईपर्यंत गुरुवार चालू राहिला. चुंबळी झिजल्या की नव्या वळल्या जायच्या. ती गेली या माघात. सुधामामा दापोलीहून आला होता. म्हणाला, ताईला समुद्र फार आवडायचा, अस्थी मी घेऊन जातो. बाबांनी कलश त्याच्या हाती दिला, आणि देण्याआधी त्यातलं मूठभर एका स्टीलच्या डबीत काढून घेतलं. मामानं बघितलं. बाबा म्हणाले, “समुद्राचं समुद्राला. पण तिची पडली होती इथं.” मामाला कळलं नाही, आणि आम्ही समजावलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी मी आणि बाबा माळावर गेलो. आमची वाट बघत थांबलेला अंबादास आम्हाला रिक्षापासून आत घेऊन आला आणि न सांगता लांब थांबला. माझा मोठा दगड होता तिथेच होता. बाबांनी डबी उघडून मुरमावर रिकामी केली. ती राख आणि ते खडे, दोन मिनिटांत काही वेगळं ओळखू येईना. मग बाबा दगडाशी टेकून बसले, मीही बसले. सूर्य पाण्याच्या टाकीला टेकला.

“काय दिसलं?” बाबांनी विचारलं. असं त्यांनी याआधी कधी विचारलं नव्हतं.

“काही नाही.”

त्यांनी वाट बघितली. आई बघायची तशीच.

“सावली नाही,” मी म्हणाले. “आवाज नाही.”

“अजून?”

“आई नाही.”

“हं,” बाबा म्हणाले.

आम्ही तसेच बसून राहिलो. मग मागून कुठून तरी टिटवी उठली आणि आमच्या डोक्यावरून ओरडत गेली, वळली, परत आली. बाबांनी आपला पाय जवळ ओढून घेतला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“सरक जरा,” ते म्हणाले. “तिची जागा असेल.”